बाप्पाच्या उंचीची भरती

समुद्र नसलेल्या गावात बसून समुद्राची भरती मोजता येते का? इंदूरच्या मुलांना येते. त्यांच्याकडे त्यासाठी 25 फुटांची शेंदरी मोजपट्टी आहे.

मल्हारगंजच्या बाजूला गेलात की बडा गणपती लागतो. रिक्षावाल्याला पत्ता वगैरे सांगायची गरज नाही, नुसतं ‘बडा गणपती’ म्हटलं की पुरे. आत शिरल्यावर हात जोडायच्या आधी मान वर जाते, कारण मूर्ती 25 फूट उंच आहे, म्हणजे साडेसात मीटरपेक्षा थोडी जास्तच. विटा, चुना, गूळ, मेथीदाणे, सात मोक्षपुरींची माती आणि तीर्थांचं पाणी असं सगळं तिच्यात आहे, असं सांगतात. एवढ्या अंगाला नवा चोळा चढवायचा म्हणजे कितीतरी दिवसांचं काम. मूर्ती जागच्या जागीच घडवलेली, त्यामुळे विसर्जनाचा प्रश्न येत नाही. आज मात्र आपण बाप्पाला मनातल्या मनात थोडं पाण्यात नेणार आहोत. परवानगी मी काढली आहे, मोदक तुम्ही द्या.

समजा, बाप्पाला गोव्याच्या किनाऱ्यावर नेलं आणि ओहोटीचं पाणी जिथवर उतरतं, बरोबर तिथे बसवलं. सहा तासांनी भरती पूर्ण झाली की पाणी साधारण दोन मीटर चढेल. बाप्पाचा खालचा पाव हिस्सा ओला. मुंबईत उधाणाच्या, म्हणजे सगळ्यांत मोठ्या भरतीच्या, दिवशी हेच पाणी साडेचार मीटर चढतं, म्हणजे बाप्पा निम्म्याहून जास्त पाण्यात. आता त्याला उचलून गुजरातेत न्या, खंबातच्या आखातात, भावनगरला. तिथे उधाणाला पाणी दहा मीटरच्याही वर जातं. बाप्पा मुकुटासकट बुडाला, आणि मुकुटावर तुमचे सगळ्यांत उंच काका उभे केले असते तर तेही बुडाले असते. भावनगर बंदरात म्हणूनच एक भलंमोठं दार बसवलेलं आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि दार लावून पाणी कोंडून ठेवायचं, नाहीतर ओहोटीला जहाज खाली चिखलात बसायचं. जगातला विक्रम कॅनडातल्या फंडीच्या उपसागराकडे आहे. तिथे पाणी 16 मीटरपर्यंत चढतं. एकावर एक दोन बडे गणपती ठेवले तरी वर हातभर पाणी उरेल.

एकाच चंद्राचं काम, आणि गोव्यात दोन मीटर, भावनगरात दहा? चंद्र गुजरातला जास्त जवळचा आहे की काय?

चंद्र सगळ्यांना सारखाच. पृथ्वीच्या ज्या बाजूला चंद्र आहे, तिथल्या समुद्राला तो जास्त जोराने ओढतो, आणि पलीकडच्या बाजूच्या समुद्राला कमी. त्यामुळे पाणी दोन्ही बाजूंना थोडं फुगतं. पृथ्वी या दोन फुगवट्यांखालून फिरते, म्हणून दिवसात साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. उघड्या महासागरात हा फुगवटा मीटरभरही नसतो. खरी गंमत किनाऱ्याशी होते. खंबातचं आखात तोंडाशी रुंद, आत निमुळतं आणि उथळ होत जातं. आत घुसलेल्या पाण्याला पसरायला जागा नाही, मग ते वर चढतं. शिवाय झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो दर खेपेला उंच जातो ना, तसं आखाताच्या लांबी-खोलीमुळे त्यातलं पाणी ज्या ठेक्यात मागेपुढे हलतं, त्याच्या जवळपासच भरतीचा धक्का बसतो. गोव्याचा किनारा उघडा, तिथे असं कोंडणंही नाही आणि ठेकाही नाही.

मग यशवंत सागरला किंवा सिरपूर तलावाला भरती का येत नाही? (हा प्रश्न कोणीतरी विचारणारच होतं.) तलाव फार छोटा पडतो. चंद्र त्याच्या या काठाला आणि त्या काठाला जवळजवळ सारखंच ओढतो, त्यामुळे पाण्याने कुठे जमा व्हावं असं काही कारणच राहत नाही.

तलावाला नाही, पण तुमच्या नळाच्या पाण्याला भरती भेटू शकते. आता घरातला नळ सोडा. त्यातून आलं ते नर्मदेचं पाणी. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपांनी उचलून, विंध्याचा चढ चढवून ते इंदूरला आणतात, 1978 पासून. हे पाणी आपल्या वाटेने गेलं असतं तर अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या घाटाला लागून, सरदार सरोवरातून, भरूचवरून त्याच खंबातच्या आखातात पोहोचलं असतं. पण तुम्ही त्याने दात घासले आणि चूळ भरली. आता ते निघालं कान्ह नदीकडे. कान्ह जाते उत्तरेला क्षिप्रेकडे, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. फरक्क्याला गंगेच्या दोन वाटा होतात, एक बांगलादेशात आणि एक हुगळीतून कोलकात्याकडे. अरबी समुद्राकडे चाललेलं पाणी तुमच्या एका चुळीने बंगालच्या उपसागराकडे वळलं! पावसाळ्यात तुम्ही ज्या पाताळपाणीला जाता तिथलं पाणी मात्र चोरल नदीतून नर्मदेला जातं, म्हणजे पुन्हा भरूचकडे. इंदूर विंध्याच्या माथ्याशी बसलंय, एक उतार इकडे, दुसरा तिकडे. आणि दोन्ही उतारांच्या शेवटी नदीला उलटं वाहायला लावणारी भरती आहे. हुगळीत तर काही दिवशी भरतीची लाटच नदीतून वर चढत येते. कोलकात्यात तिला ‘बान’ म्हणतात आणि ती यायच्या आधी घाटांवर लोकांना सावध करतात.

नदी जिथे समुद्राला मिळते आणि जिथवर भरतीचं पाणी आत येतं, ती खाडी. गोव्यात मांडवी आणि झुआरी या नद्यांमध्ये समुद्रापासून सुमारे 50 किमी आतपर्यंत पाणी रोज वर-खाली होतं. तिथे काठावर उभं राहून विचारलं, ‘नदी कुठल्या बाजूला वाहते?’ तर खरं उत्तर असतं, ‘आत्ता किती वाजले?’

अशा पाण्यात होडी घालायची, तीसुद्धा हाताने वल्हवायची, म्हणजे आपल्या आजच्या गोष्टीचा खरा भाग.

नर्मदा परिक्रमा केलेलं कोणीतरी तुमच्या आजीच्या ओळखीत असेलच, मराठी घरात ते निघतंच. त्यांना विचारा, नर्मदा तर ओलांडायची नसते, मग दक्षिण काठावरून उत्तर काठावर तुम्ही आलात कसे? ते सांगतील, विमलेश्वरच्या बाजूने मोटारहोडीत बसलो आणि समुद्राच्या तोंडातून पलीकडे मिठी तलाईला उतरलो. आणि होडी कधी सुटली? भरतीच्या वेळेला. त्यासाठी मध्यरात्री उठवलं तर मध्यरात्री उठायचं. पाणी चढल्याशिवाय होडी तरंगत नाही, आणि उतरायला लागलं की चिखलात रुतायची भीती. तिथे इंजिनवाल्या होडीलाही चंद्राचं ऐकावं लागतं. कयाक, म्हणजे हाताने वल्हवायची छोटी होडी, घेऊन तिथे जायचं नावच काढू नका. त्या आखातात पाण्याची ओढ ताशी दहा किमीच्या घरात जाते.

आपण कोकणात जाऊ. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटातल्या बायका वल्ह्यांच्या होड्यांतून लोकांना कांदळवन, म्हणजे खाडीच्या चिखलातलं जंगल, दाखवतात. गोव्यात साळ नदीत, नेरूळच्या खाडीत कयाक भाड्याने मिळतात. कोकणातल्या मच्छीमारांच्या जुन्या होड्या पाहिल्यात तर एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर एक लाकूड बांधलेलं दिसेल. ती उलांडी. अरुंद होडी कलंडू नये म्हणून पाण्यावर टेकणारं ते लाकूड. कयाकला उलांडी नसते, तोल तुमच्या कमरेने सांभाळायचा.

कयाक आणि कॅनो यांत घोळ करू नका, मोठी माणसंही करतात. कयाकमध्ये पाय पुढे सोडून बसायचं, आणि हातातल्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं असतं: एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बर्फाळ प्रदेशातल्या इन्युइट लोकांची ही नाव. सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ती बनवायचे आणि तीत बसून शिकार करायचे. कॅनोत गुडघ्यावर बसतात, शर्यतीत तर एकाच गुडघ्यावर, आणि वल्ह्याला एकाच बाजूला पातं. मग होडी गोल का फिरत नाही? पाण्यातून वल्हं बाहेर काढता काढता मनगटाने ते थोडं वळवतात आणि नाक सरळ ठेवतात. शिकायला कयाक सोपी. कॅनोत पहिल्या दिवशी पडायचंच, असं धरून चाला.

कयाकला पाणी किती लागतं? वीतभर. मोटारहोडी जिथे तळाला घासते, तिथे कयाक आरामात जाते. शिवाय आवाज नाही, त्यामुळे खंड्या फांदीवरून उडत नाही, बगळा आपली मासेमारी थांबवत नाही. कांदळवनातले अरुंद फाटे खऱ्या अर्थाने बघायचे असतील तर याहून चांगलं वाहन नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण गणित आधी. शिकाऊ माणूस कयाक वल्हवतो ताशी साधारण पाच किमीने. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा प्रवाहही ताशी पाच किमीचा असू शकतो. तुम्ही समुद्राकडून गावाकडे निघालात, ओहोटी समोरून येतेय. पाच वजा पाच. तासभर घाम गाळून तुम्ही त्याच माडासमोर! तेच भरतीसोबत निघालात तर पाच अधिक पाच, ताशी दहा, आणि अर्ध्या वेळात हात मांडीवर ठेवून बसलात तरी चालेल. म्हणून खाडीतला जुना हिशेब असा की भरतीसोबत आत जायचं, वर पोहोचल्यावर डबा खायचा, आणि ओहोटी लागली की परत फिरायचं.

मग भरती कधी, हे कसं कळणार? हल्ली मोबाइलवर कळतं. पण कोकणात त्याआधीपासून एक तोंडी हिशेब आहे, आणि तो मला फार आवडतो, कारण त्याला फक्त घरातली दिनदर्शिका लागते. आजची तिथी घ्या. तिच्या आकड्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसातून दोनदा. चतुर्थी? चारची पाऊणपट तीन. म्हणजे गणेश चतुर्थीला दुपारी तीनच्या सुमारास मुंबईच्या समुद्राला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो आणि बंदरागणिक वेळ थोडी सरकते, म्हणून याच्या भरवशावर एकट्याने समुद्रात उतरायचं नाही. पण हे जमतं कसं? चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीला रोज तेवढाच उशीर होतो. 50 मिनिटं म्हणजे पाऊण तासाला थोडं वर. तिथी चंद्राची, भरतीही चंद्राची, मग दोघींचं जुळणारच.

हा हिशेब 2025 च्या अनंत चतुर्दशीला ताडून बघा. चौदाची पाऊणपट साडेदहा. दुसऱ्या दिवशी, 7 सप्टेंबरला पौर्णिमा होती, तिची सव्वाअकरा. त्या सकाळी लालबागचा राजा गिरगाव चौपाटीवर पोहोचला तेव्हा भरती चढत होती. पाणी इतकं वाढलं की मूर्ती तराफ्यावर चढवता येईना. तासन्‌तास राजा पाण्यात आणि हजारो माणसं किनाऱ्यावर, सगळे ओहोटीची वाट पाहत थांबले. विसर्जन झालं तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. आणि त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं! ग्रहण म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र नेमके एका रेषेत. सूर्यही भरती आणतो, चंद्राच्या निम्म्याहून थोड्या कमी जोराने. पौर्णिमेला आणि अमावास्येला दोघांची ओढ एकाच रेषेत येते, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढतात, तेव्हा पाण्याची धाव कमी. ती भांगाची भरती. नवशिक्या कयाकवाल्याने भांगाचे दिवस निवडावेत, प्रवाह नरम असतो.

आणखी एक हिशेब, हा जगभरचे नावाडी वापरतात. भरतीचं पाणी सहा तासांत चढतं, पण दर तासाला सारखं चढत नाही. एकूण चढ 12 फूट धरा. पहिल्या तासात 1 फूट, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 3, चौथ्यात 3, पाचव्यात 2, सहाव्यात 1. बेरीज करून बघा, बाराच भरते. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येऊन जातं. खाडीच्या अरुंद तोंडाशी प्रवाह सगळ्यांत जोरात असतो तो याच वेळी. बडा गणपतीला मुंबईच्या पाण्यात बसवून तुम्ही पहिल्या तासाला बघायला गेलात तर म्हणाल, ‘हॅट, काहीच नाही!’ आणि चहा पिऊन परत येता येता पाणी कुठल्या कुठे गेलेलं असेल. किनाऱ्यावरच्या खडकांवर सेल्फी काढणारे लोक अडकू शकतात ते अशा तिसऱ्या-चौथ्या तासाला.

भरती आणि ओहोटी यांच्या मधला एक क्षण मात्र बघण्यासारखा असतो. समजा तुम्ही कांदळवनातल्या एका फाट्यात कयाक थांबवून बसला आहात. भरती संपत आलीय. मघापासून पाण्यावरून आत जाणारी पिवळी पानं हळू होतात. एक पान तुमच्या वल्ह्याशी येऊन थांबतं. फेसाचा एक पुंजका दोन मुळांच्या मध्ये जागच्या जागी गोल फिरतो. कांदळाच्या कमानीसारख्या मुळांवर ओलं आणि कोरडं यांच्यामधली रेघ हलायची थांबते. पाच-दहा मिनिटं काहीच होत नाही. मग ते पान, ढकलल्याशिवाय, आल्या वाटेने परत निघतं. कयाकचं नाक आपोआप समुद्राकडे वळायला लागतं. थोड्या वेळाने मुळांवरच्या त्या रेघेखाली बोटभर ओला पट्टा उघडा पडतो आणि त्यावर लहान खेकडे येतात. एका जातीच्या नर खेकड्याचा एक नांगा त्याच्या अंगाएवढा मोठा असतो, आणि नर तो सतत हलवत असतो. मादीला बोलवायला. आपल्याला वाटतं, आपल्यालाच टाटा करतोय.

आणखी पाणी उतरलं की चिखलावर निवट्या दिसतात. हा मासा आहे, पण ओहोटीला बिळात जाऊन बसण्याऐवजी चिखलावर चालतो, उड्या मारतो, भांडतो. अंग ओलं असेपर्यंत त्याला कातडीतून हवा मिळत राहते. डोळे डोक्याच्या वर, अगदी टोकाला. त्याला बघायच्या नादात ओहोटी विसरलात तर कयाक चिखलावर बसेल, आणि तो चिखल पाय टाकण्यातला नसतो. गुडघ्यापर्यंत गेलात की पाय ओढून काढणं मुश्कील. अशा वेळी कयाकमध्येच बसून राहायचं. काही तासांनी पाणी परत येतंच. डबा जास्त आणलेला बरा, तो याचसाठी.

खाडीचं आणखी एक गुपित पाण्याच्या आत असतं, ते इंदूरमध्ये बसूनही करून बघता येईल. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे ते नदीच्या पाण्यापेक्षा जड. स्टीलचा एक लांबट ट्रे किंवा काचेचं पसरट भांडं घ्या, एका बाजूखाली पुस्तक ठेवून ते तिरकं करा आणि त्यात साधं पाणी ओता. वेगळ्या पेल्यात पाणी, भरपूर मीठ आणि थोडी शाई कालवा. (आईला विचारून. शाईचं मी सांगितलं असं सांगू नका.) आता हे खारं पाणी चमच्याने, वरच्या बाजूच्या काठावरून, अगदी हळू सोडा. निळं पाणी साध्या पाण्यात मिसळून जात नाही. ते तळाला धरून उताराने सरपटत जातं आणि सगळ्यांत खोल जागी पाचर मारून बसतं. खाडीतही असंच होतं. वरून गोडं पाणी समुद्राकडे चाललंय, आणि त्याच वेळी खालून खारं पाणी तळाने आत घुसतंय. पावसाळ्यात नदीला पाणी भरपूर, तेव्हा ही खारी पाचर समुद्राकडे ढकलली जाते. उन्हाळ्यात नदी आटली की ती खूप आत येते. नर्मदेवर धरणं झाली, खाली येणारं गोडं पाणी कमी झालं आणि भरूचकडच्या लोकांना खाऱ्या पाण्याचा त्रास वाढला. आता तिथे भाडभूतला खारं पाणी अडवणारा बंधारा बांधत आहेत. इंदूरच्या नळाचाही त्या कमी झालेल्या पाण्यात एक छोटासा वाटा आहे, हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, पण आहे.

तुम्ही म्हणाल, कयाक शिकायला आता कोकणात जायचं का? मुळीच नाही. भोपाळच्या छोट्या तलावात कयाकिंग-कॅनोइंगचं मोठं प्रशिक्षण चालतं. ग्वाल्हेरची प्राची यादव तिथेच तयार झाली. तिच्या पायांत ताकद नाही. कयाकमध्ये जोर लागतो हातांचा, खांद्यांचा आणि पोटाचा. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये पॅराकॅनोत उतरणारी ती पहिली भारतीय, आणि तिथे ती अंतिम फेरीत पोहोचली. 2023 मध्ये चीनमधल्या हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने कयाकमध्ये सुवर्ण आणि दुसऱ्या एका शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. त्या दुसऱ्या शर्यतीची नाव तर उलांडीवाली होती, आपल्या कोकणच्या होडीची लांबची बहीणच म्हणा!

अशा शर्यती शांत पाण्यात घेतात, नाहीतर जिंकणारा कोण, हे भरतीच ठरवायची. हांगचौचीच गंमत बघा. शर्यतींचं ठिकाण होतं फुचुन नदीच्या एका फाट्यावर. फुचुन हे छ्येनथांग नदीच्या मधल्या भागाचं नाव. आणि याच छ्येनथांगच्या तोंडातून जगातली सगळ्यांत मोठी भरतीची लाट नदीत घुसते. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी, पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी, ती बघायला तिथे जत्रा भरते. छ्येनथांगचं हे तोंडही खंबातच्या आखातासारखं नरसाळ्याच्या आकाराचंच आहे. खाली कितीही धिंगाणा चालला तरी वरच्या फाट्यावर पाणी इतकं शांत की तिथे शर्यत घेता येते.

आता तुमच्यासाठी एक कोडं. कोकणातली एक खाडी आहे. समुद्राच्या तोंडापासून 8 किमी आत मामाचं गाव आहे. तुम्ही कयाक वल्हवता ताशी 5 किमीने, प्रवाह ताशी 3 किमीचा धरा. सोबत अनुभवी नावाडी आहे, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट आहे. दिवस वद्य अष्टमीचा. सकाळी आठ वाजता तुम्ही तोंडाशी तयार आहात, आणि अंधार पडायच्या आत मामाकडे जेवून परत यायचं आहे. पाऊणपट करा, भरती-ओहोटीच्या वेळा लिहा, जाताना किती वेळ लागेल आणि येताना किती, ते काढा. आत्ताच निघालात तर काय होईल? दुपारपर्यंत थांबलात तर? आणि दोन्ही उत्तरं पसंत पडली नाहीत, तर मामाला फोन करून कुठल्या तिथीला येतो म्हणून सांगाल?